सरकारी मदतीचे पैसे खात्यात पडेपर्यंत : घरचे कागद पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी

एप्रिल २०२०. लॉकडाऊन लागून दोन आठवडे झाले होते. आमच्या वस्तीवर दोन भावांची शेतं बांधाला बांध लावून आहेत. दोघांनीही कलिंगड केलं होतं आणि दोघांचंही शेतातच तडकायला लागलं होतं. व्यापारी फिरकत नव्हता, बाजार समिती आज चालू तर उद्या बंद. एका सकाळी थोरल्या काकांच्या मोबाईलवर मेसेज आला, पीएम किसान योजनेचे दोन हजार जमा. धाकटे काका त्यानंतर आठ दिवस रोज आमच्या ओट्यावर यायचे, फोन पुढे करायचे आणि म्हणायचे, "बघ गं, आलाय का?"

आलेला नव्हता. का आला नाही हे शोधायला मला तीन महिने लागले. सातबाऱ्यावर त्यांचं नाव 'बाळू' होतं आणि आधार कार्डावर 'बाळासाहेब'. यादी सातबाऱ्यावरून झाली, पडताळणी आधारवरून झाली, आणि संगणकाच्या लेखी ही दोन माणसं होती. दुरुस्ती मंजूर होईपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं.

तेव्हापासून वस्तीवरच्या सगळ्यांचे कागद माझ्याकडे येतात. हा लेख अशाच पोरापोरींसाठी आहे, ज्यांच्या अंगावर घरच्या शेतीचे कागद नुकतेच येऊन पडलेत आणि कुठून सुरुवात करायची हे कळत नाही. लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या कामकाजावरून.

आधी एक गोष्ट समजून घ्या

२६ मार्च २०२० ला केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात शेतकऱ्यांसाठीची ठळक बातमी होती : ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन हजार रुपये. पुष्कळांना वाटलं, ही करोनाची वेगळी मदत आहे. तसं नव्हतं. पीएम किसान सन्मान निधीत वर्षाला सहा हजार मिळतात, दोन हजारांचे तीन हप्ते. एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. त्यातला पहिला हप्ता त्या वर्षी अगदी सुरुवातीलाच सोडला, इतकंच. कलिंगड फुटत असताना ते दोन हजार कमी पडणार हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्या आठवड्यात घरात रोख येण्याची तेवढीच वाट होती.

या सगळ्यात नवख्या माणसाने ध्यानात ठेवावं असं काय असेल, तर ते हे : त्या वेळी सरकारने कुणाकडून नवा अर्ज मागवला नाही. आधीच तयार असलेली यादी उघडली आणि पैसे सोडले. जनधन खात्यातल्या महिलांना तीन महिने पाचशे रुपये दिले, तेही असलेल्या खात्यांवर. संकट येतं तेव्हा तहसील बंद, बँकेत गर्दी, एसटी बंद. तेव्हा कागद सुधारत बसायला कुणालाच सवड नसते, तुम्हालाही आणि त्यांनाही. म्हणून खाली सांगितलेलं सगळं साध्या, निवांत दिवसांत करून ठेवायचं.

पायरी पहिली : आपलं घर यात बसतं का

पीएम किसान योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली. आरंभी ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती, पुढे त्याच वर्षी जमिनीची मर्यादा काढून टाकली. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. एका कुटुंबात एकच लाभ. नवऱ्याच्या नावावर वेगळा गट आणि बायकोच्या नावावर वेगळा गट असला, तरी दोघांनी अर्ज करायचा नाही. माहीत नसल्यामुळे पुष्कळ घरांत दोघांनी केलेत, आणि मग दोघांचेही हप्ते अडकतात. लग्न झालेला मुलगा आणि त्याची बायको हे मात्र वेगळं कुटुंब, जमीन त्यांच्या नावावर असेल तर.

जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर हवी. नवखे सगळ्यात जास्त इथे अडखळतात. वडील हयात असताना २०२२ मध्ये त्यांनी वाटणी करून मुलाच्या नावावर दोन एकर केले, तर त्या दोन एकरांवर मुलाचा अर्ज बसत नाही. वडील वारले आणि वारसाने जमीन आली, तर बसतो. विकत घेतलेली, बक्षीसपत्राने आलेली जमीन त्या तारखेनंतरची असेल तर अर्ज नामंजूर होतो. अर्ज भरून देणाऱ्या आपले सरकार केंद्रावर कुणी "भरून तर बघू" म्हणालं तरी भरू नका.

वगळलेल्यांची यादीही आहे. मागच्या वर्षी आयकर भरलेले, सरकारी नोकर आणि निवृत्त (चतुर्थ श्रेणी सोडून), महिन्याला दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, नोंदणीकृत डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, आर्किटेक्ट म्हणून व्यवसाय करणारे, आजी-माजी आमदार, खासदार, मंत्री, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष. यातला 'आयकर भरलेले' हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाने, ज्याच्या नावावर गावची जमीन आहे, त्याने कर भरला की तो अपात्र. असे हप्ते सरकारने नोटिसा काढून परत घेतलेत. घेतलेला पैसा परत भरताना घरात जी रडारड होते ती मी पाहिलीय, म्हणून सांगते, शंका असेल तर आधी विचारा.

आणि जे बटईने किंवा खंडाने कसतात, त्यांना यातलं काहीच मिळत नाही. नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणजे यादीत नाही. लॉकडाऊनमध्ये ज्यांचा माल सडला त्यांत असे कितीतरी जण होते. माझ्या मते या योजनेतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे आणि ती अजून तशीच आहे.

पायरी दुसरी : सातबारा हातात घेऊन नीट वाचा

'आमचा सातबारा आहे' असं म्हणणाऱ्या दहा जणांना तो काढून दाखवा म्हटलं, तर निम्म्यांकडे आजोबांच्या नावाचा असतो. आधी महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकून फुकट बघून घ्या. कुठे जोडायचा असेल तर डिजिटल स्वाक्षरीचा काढा, त्याला १५ रुपये लागतात आणि तो तलाठ्याच्या सहीशिवाय चालतो. सोबत ८अ चा उतारा घ्या, म्हणजे त्या गावातले तुमचे सगळे गट एका जागी दिसतील.

मग कागद पुढ्यात ठेवून बोट फिरवत वाचा. खातेदाराच्या रकान्यात तुमचं नाव आहे का? कसं लिहिलंय? नावापुढचं क्षेत्र बरोबर आहे का, की सगळ्या भावांचं मिळून सामाईक आहे? मयत झालेलं कुणी अजून तिथे बसलंय का? नावाला कंस पडला असेल, तर त्या नावाची नोंद फेरफाराने, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीने, कमी झालेली असते. फेरफार क्रमांक शेजारी असतो, तो लिहून घ्या.

वारसनोंद राहिली असेल तर इतर सगळं बाजूला ठेवून ती करा. वारसाने हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं, तरी उशीर झाला म्हणून कुणी नोंद नाकारत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार आणि सातबारा घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. तलाठी फेरफार धरतात, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस देतात, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. २०२५ मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम झाली ती याचसाठी, मयतांची नावं काढून वारसांची लावायला. तुमचं गाव त्यात सुटलं असेल तर तलाठ्यांना तसं विचारा.

वारसांत बहिणींची नावं लागतात. ती गाळून अर्ज देऊ नका. कायद्याने त्यांचा हक्क आहे, आणि गाळलेली नोंद पुढे दहा वर्षांनी सगळ्यांना कोर्टात नेते.

पायरी तिसरी : तीन कागद शेजारी शेजारी

हे काम तासाभराचं आहे, पण सगळ्यात जास्त हेलपाटे यानेच वाचतात. सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक जमिनीवर एका ओळीत मांडा. तिन्हीवरचं नाव कोऱ्या कागदावर एकाखाली एक, अक्षर न बदलता उतरवून काढा. मी धाकट्या काकांचं असं लिहिलं तेव्हा कागदावर दिसलं :

बाळू विठोबा
बाळासाहेब विठ्ठल
बाळासाहेब व्ही.

एकाच माणसाची तीन नावं, आणि वडिलांचीही दोन. आमच्याकडे हे घरोघरी आहे. लाडाचं नाव सातबाऱ्यावर, शाळेतलं आधारवर, आणि बायकांचं तर माहेरचं एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर.

कुठलं नाव बदलायचं? आधार बरोबर असेल तर बाकीचे दोन त्याच्याकडे वळवा, कारण पुढची सगळी पडताळणी आधारवरच होते. पासबुकातलं नाव आधार दाखवून बँकेत अर्ज दिला की बदलतं. सातबाऱ्यातल्या नावाला तलाठ्यांकडे दुरुस्तीचा अर्ज, जुना फेरफार आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. याला वेळ लागतो, म्हणूनच ते आधी सुरू करा. आधारवरच चूक असेल, जन्मतारीख किंवा आडनावात, तर आधार केंद्रावर जाऊन ती पहिल्यांदा सुधारा.

आधारला सध्या वापरात असलेला मोबाईल नंबर जोडलेला आहे का, हेही त्याच फेरीत बघा. म्हाताऱ्या माणसांच्या आधारला बऱ्याचदा मुंबईला गेलेल्या मुलाचा नाहीतर बंद पडलेल्या सिमकार्डाचा नंबर असतो. मग ओटीपी जातो तिकडे आणि आपण बसतो इकडे.

पायरी चौथी : बँकेत 'लिंक' आणि 'सीडिंग' ही दोन वेगळी कामं

यावर जरा थांबते, कारण लॉकडाऊननंतर मी जेवढे अडलेले हप्ते पाहिले त्यातले बरेचसे इथे अडलेले होते.

शेजारच्या आजींना घेऊन मी बँकेत गेले होते. काउंटरवरच्या साहेबांनी स्क्रीन बघून सांगितलं, "आधार लिंक आहे, काही अडचण नाही." आम्ही परत. पुढचा हप्ताही नाही. पुन्हा गेलो, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा एका दुसऱ्या बाईंनी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "डीबीटीला मॅप केलंय का?" नव्हतं केलेलं.

त्याचं असं आहे. खातं उघडताना आधारची प्रत दिलीत, नंबर खात्याला जोडला गेला, ते झालं लिंक. थेट खात्यात पडणारा सरकारी पैसा, म्हणजे डीबीटी, मात्र खाते नंबर बघून येत नाही, आधार नंबर बघून येतो. हा आधार कुठल्या बँकेत आहे, हे एनपीसीआय नावाच्या संस्थेच्या नोंदवहीत बघितलं जातं आणि पैसे तिकडे जातात. त्या नोंदवहीत तुमच्या बँकेने तुमचा आधार चढवणं म्हणजे सीडिंग. त्यासाठी बँकेत वेगळा संमतीचा फॉर्म भरून द्यावा लागतो. फॉर्म दिल्यावर शिक्का मारलेली पोहोच घ्या.

आणखी एक. नोंदवहीत एका आधारला एकच बँक असते, ज्या बँकेने शेवटी चढवली ती. त्यामुळे बचत गटासाठी किंवा पेमेंट बँकेत नवं खातं उघडलं, तिथे अंगठा देताना सीडिंगलाही हो म्हटलं, तर हप्ता गुपचूप तिकडे जाऊ लागतो. 'पैसे आले नाहीत' म्हणून येणाऱ्यांतले काही जण असेच असतात. पैसे आलेले असतात, पण विसरलेल्या खात्यात. कुठली बँक चढलीय ते आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये ओटीपी टाकून दिसतं. दर हप्त्याआधी एकदा बघून घ्या.

खातं दोन वर्षं न वापरल्यास निष्क्रिय होतं. वर्षातून दोनदा तरी शंभर रुपये भरा नाहीतर काढा. आणि पासबुक जुनं असेल तर बदलून घ्या. देना आणि विजया बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला, ऐन लॉकडाऊनमध्ये, सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत, आणि ओरिएंटल व युनायटेड पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाल्या. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, आता चालत नाही, तरी लोक फॉर्मवर तोच लिहितात.

बँक लांब असेल किंवा तिथे काम होत नसेल, तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं हा चांगला मार्ग आहे. पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर खातं उघडतात आणि सीडिंगही करून देतात. आजींचं शेवटी तिथेच केलं.

पायरी पाचवी : शेतकरी ओळख क्रमांक

२०२५ पासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांना फार्मर आयडी मागतात. अॅग्रिस्टॅक योजनेतून मिळणारा हा क्रमांक आधारला आणि तुमच्या गटांना जोडलेला असतो. आपले सरकार केंद्रावर किंवा गावातल्या शिबिरात आधार, मोबाईल आणि सातबारा घेऊन गेलात की नोंदणी होते. काळजी एकच घ्या : सगळे गट चढवून घ्या, शेजारच्या गावातला अर्ध्या एकराचा तुकडासुद्धा. घाईत केंद्रचालक एकच गट टाकून मोकळा होतो.

पायरी सहावी : नोंदणी आणि ई-केवायसी

पीएम किसानच्या पोर्टलवर 'फार्मर्स कॉर्नर' मध्ये 'न्यू फार्मर रजिस्ट्रेशन' असतं. आधार, मोबाईल, राज्य टाकलं की ओटीपी येतो, पुढे जमिनीची माहिती भरून कागद चढवायचे. सातबारा, ८अ, जमीन कधी नावावर झाली ते दाखवणारा फेरफार, रेशन कार्ड, नवरा-बायको आणि मुलांचे आधार. वारसाने आलेली जमीन असेल तर वारसाचा फेरफार आणि मृत्यूचा दाखला विसरू नका. शेवटी नोंदणी क्रमांक येतो. तो फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहा.

अर्ज भरला म्हणजे मंजूर झाला असं नसतं. तालुक्याला, मग जिल्ह्याला आणि राज्याला तपासणी होते. दर पंधरा दिवसांनी बघत राहा.

ई-केवायसी म्हणजे आधारवरून आपली ओळख पटवून देणं, ती तीन तऱ्हांनी होते. मोबाईलवर ओटीपीने, केंद्रावर बोटाच्या ठशाने, आणि २०२३ पासून पीएम किसानच्या मोबाईल अॅपवर चेहरा दाखवून. आयुष्यभर शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. आजी दहाही बोटं ठेवून बघायच्या, पदराला पुसून पुन्हा ठेवायच्या, आणि यंत्र लाल दिवा दाखवायचं. शेवटी चेहऱ्याने एका मिनिटात झालं. घरात वयस्कर कुणी असेल तर सरळ अॅपच वापरा, उजेडात उभं करून.

पायरी सातवी : स्टेटस वाचायला शिका

'नो युवर स्टेटस' मध्ये नोंदणी क्रमांक टाकला की तीन ओळी महत्त्वाच्या असतात. ई-केवायसी, लँड सीडिंग (तुमच्या जमिनीची नोंद जोडलेली असणं) आणि आधार बँक सीडिंग. तिन्हींसमोर 'येस' हवं. 'नो' कुठे आहे यावर कुठे जायचं ते ठरतं. ई-केवायसी नसेल तर मोबाईल किंवा केंद्र. लँड सीडिंग नसेल तर सातबारा आणि फार्मर आयडी घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालय. बँक सीडिंग नसेल तर बँक, चौथ्या पायरीत सांगितलेला फॉर्म घेऊन. सरसकट केंद्रावर जाऊन "हप्ता आला नाही" म्हणण्यात दिवस जातो आणि केंद्रचालकाच्याही हातात काही नसतं.

खाली हप्त्यांची माहिती असते. 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' म्हणजे राज्याने तुमच्या नावाला पैसे द्या असं केंद्र सरकारला कळवलंय. 'एफटीओ जनरेटेड' म्हणजे पैसे सोडण्याचा आदेश निघालाय, थोडी वाट बघा. पेमेंट फेल असेल तर शेजारी कारण लिहिलेलं असतं. त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि बँकेत तोच दाखवा, तोंडी सांगू नका.

अडलंच तर

पूर्वी हे काम महसूलकडे होतं, आता कृषी विभागाकडे आहे. त्यामुळे तहसीलच्या जुन्या सवयीने जाणारे लोक रिकाम्या हाताने परत येतात. अर्ज लेखी द्या, खाली नोंदणी क्रमांक आणि मोबाईल लिहा, झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. पीएम किसानची हेल्पलाइन १५५२६१ आहे, सकाळी लवकर लावलेली बरी. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर केलेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो आणि उत्तर द्यावं लागतं. काकांचं काम तिथे तक्रार टाकल्यावरच हललं.

लाभार्थी वारला तर तेही कळवायचं असतं. दुःखात हे कुणाला सुचत नाही, हप्ता येत राहतो, मुलगा एटीएमने काढत राहतो आणि मग वसुली निघते. तेराव्यानंतर एक अर्ज द्या आणि वारसनोंद झाली की वारसाचा नवा अर्ज भरा.

पैसे काढताना

लॉकडाऊनमध्ये जनधनच्या पाचशे रुपयांसाठी खाते नंबरच्या शेवटच्या अंकावरून दिवस ठरवून दिले होते, ० आणि १ वाल्यांना ३ एप्रिल, अशा रीतीने. तरी रांगा लागल्या, कारण अफवा होती की काढले नाहीत तर सरकार परत घेईल. बायका उन्हात तासन्‌तास उभ्या राहिल्या. कुणी कधी असं सांगितलं तर घाबरू नका, खात्यात जमा झालेला हप्ता काढला नाही म्हणून कुठे जात नाही.

अंगठ्यावर पैसे गावातही मिळतात, पोस्टमन किंवा बँक मित्राकडे. अंगठा एकदाच द्यायचा. "सर्व्हर गेला, परत द्या" म्हटलं तर आधी पहिल्या वेळची पावती मागा, नाहीतर मोबाईलवर मेसेज आलाय का ते बघा. पावतीवर काढलेली रक्कम आणि शिल्लक दोन्ही छापलेलं असतं. आई-आजींना हे वाचता येत नसेल, तर सोबत जा.

व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान' नावाची फाईल आली, शेवटी एपीके लिहिलेलं, तर उघडू नका. ती फोनमध्ये बसली की ओटीपी चोरते आणि खातं रिकामं होतं. खऱ्या पोर्टलचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन' ने संपतो.

याच वाटेने आणखी काय येतं

राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाला सहा हजार वेगळ्या अर्जाशिवाय पीएम किसानच्या यादीवरूनच येतात. पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीत सोडला होता. म्हणजे एका नावाच्या चुकीने दोन्हीकडचे पैसे बुडतात. अतिवृष्टीची मदतही थेट खात्यातच येते, आणि पंचनामा झाला तरी आधार-बँकेची गाठ सुटलेली असेल तर ती तिथेच अडते. पिकाशी संबंधित मदतीला ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतात कुठलं पीक आहे याची, नोंद लागते, ती दर हंगामात आपल्या मोबाईलवरून आपणच करायची.

आमच्याकडे आता दाराआडच्या खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली असते. आत सातबारा, ८अ, फेरफार, आधारच्या प्रती, पासबुकाचं पहिलं पान, नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोहोच. धाकट्या काकांच्याही घरी तशीच आहे. त्यांच्या पिशवीत सगळ्यात वर नवा सातबारा असतो, 'बाळासाहेब विठ्ठल' लिहिलेला.